भट्टी कुणाच्या नावावर

फॉर्मात सगळ्यात आधी पत्ता मागितला होता, आणि भावंडांचं पहिलं भांडण तिथेच झालं.

"मेथडिस्ट चर्चच्या मागे, भट्टीचं घर. एवढं लिही आणि पुढे चल," अजोवा म्हणाली. "पन्नास वर्षं त्याच पत्त्यावर पत्रं येतायत."

"सरकारला तो पत्ता कळत नाही अजोवा-आई," अराबाची मुलगी मान्सा लॅपटॉपवरची नजर न काढता म्हणाली. "फोनमधला आकडी पत्ता लागतो. पाच-पाच पावलांच्या चौकटीला एकेक आकडा दिलाय."

म्हणून थोरला भाऊ फीफी अंगणभर फिरत होता. साठीचा, पोट सुटलेला, ताकोराडीच्या बंदरात पस्तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस. चर्चचं पांढरं-काळं कापड खांद्यावरून घसरत होतं आणि फोन त्याने दोन्ही हातांत असा धरला होता की जणू त्यातून रस्सा सांडेल.

"घराचा आकडा वेगळा येतोय," त्याने जाहीर केलं. "भट्टीचा वेगळा. अराबा, तू उभी आहेस तिथला तिसराच. कोंबड्यांच्या खुराड्यालासुद्धा स्वतंत्र आहे!"

"मग त्यांनाही विचार, धंदा नोंदवायचाय का," अराबा म्हणाली. "त्या तरी माझ्यासारख्या पहाटे उठतात."

अजोवा हसली. काल आईचं वर्ष झालं होतं. काळी कापडं उतरली होती, आज सकाळी सगळ्यांनी पांढऱ्यात उभं राहून देवाचे आभार मानले होते, आणि उद्या फीफी ताकोराडीला, अजोवा तेमाला परतणार होती. म्हणजे जे काही व्हायचं ते आज जेवणानंतरच्या या दोन-तीन तासांत. केप कोस्टच्या तीन शाळांच्या वसतिगृहांना पाव पुरवायचं काम अराबाला मिळत होतं, पण तिथल्या कंत्राटदाराने स्पष्ट सांगितलं होतं: शुक्रवारपर्यंत नोंदणीचा कागद दाखवा, नाहीतर मी कारखान्याचा कापलेला पाव घेतो. कारखान्याची गाडी आता या सॉल्टपाँड गावाच्या प्रत्येक गल्लीत शिरत होती. आई गेल्यापासून अराबाची भट्टी आठवड्यातून चारच दिवस पेटत होती. हे काम गेलं तर तीनच दिवस पेटेल, मग दोन. आणि एक दिवस पेटणारी भट्टी किती दिवस टिकते हे तिने शेजारच्या गावात पाहिलं होतं.

"भट्टीचा आकडा लिही," ती मान्साला म्हणाली. "धंदा भट्टीत आहे. घरात नुसतं भांडण आहे."

भट्टीजवळच्या सावलीत धाकटी आई काथवटीवर वाकून पीठ मळत होती. बोलण्याकडे तिचं लक्ष नव्हतं, किंवा नाही असं वाटत होतं. ब्याऐंशी वर्षांची, अंगाने पाखरासारखी, पण पिठाखाली मूठ घालून ते उलटताना तिच्या दंडाची शीर अजून उठायची. आई आणि ती जुळ्या. एकीचं नाव एकुआ पान्यिन, म्हणजे थोरली. दुसरीचं एकुआ काकराबा, धाकटी. पाव विकला जायचा थोरलीच्या नावाने. प्रत्येक पावाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर हिरव्या अक्षरांत 'एकुआ पान्यिन ब्रेड' छापलेलं असायचं, आणि अक्राच्या रस्त्यावर गाड्या थांबल्या की बायका डोक्यावरच्या पेटीतून तेच नाव ओरडत धावायच्या. धाकटीच्या नावाने कुणी कधी काही ओरडलं नव्हतं. तिला मूलबाळ नव्हतं. तशी गरजही नव्हती. बहिणीची मुलं ती आपलीच, आणि तिन्ही भावंडं तिला धाकटी आईच म्हणत.

"धंदा सुरू झाल्याची तारीख," मान्साने वाचलं.

"एकोणीसशे सदुसष्ट," फीफी ताबडतोब म्हणाला. "मी चार वर्षांचा होतो. बाबांच्या पाठीमागे वारुळाची माती वाहत होतो."

"तू वाहत नव्हतास, खात होतास," भट्टीजवळून आवाज आला.

सगळे तिकडे वळले. धाकटी आई मळतच होती.

"तुझ्या बापाने खाली फुटक्या बाटल्या अंथरल्या," ती म्हणाली. "त्यावर मीठ. त्यावर वाळू. मग वारुळाची माती, ती मी आणि पान्यिनने पायांनी तुडवली, आठ दिवस. क्वामेना गवंडी होता, पण गोल काही त्याला बांधता यायचं नाही. भिंती बांधायची सवय. दोनदा घुमट कोसळला. तिसऱ्यांदा आत उलटी टोपली ठेवून तिच्यावर लिंपलं, आणि पहिल्या जाळात टोपली जळून गेली. त्या दिवशी सुरू झाला म्हण."

"तारीख, आजी?"

"गुरुवार होता."

मान्साने हताश होऊन मामाकडे पाहिलं, आणि फीफीने एक जुलै लिहायला सांगितलं. जुलैतल्या तारखा सरकारला पटतात, असा त्याचा बंदरातला अनुभव होता.

अराबाला टोपलीची गोष्ट माहीत नव्हती. या घरात पंचावन्न वर्षं काढून तिला वाटत होतं की भट्टीबद्दल तिला सगळं ठाऊक आहे. घुमटाच्या आत हात घालून चाचपलं तर त्या टोपलीचे वेत उमटलेले लागतील का, असा विचार मनात आला. आणि लगेच, हा असला विचार आपल्याला सुचतो म्हणूनच भट्टी चार दिवस पेटते, असंही.

"कामगार किती?" मान्साने विचारलं.

"लिही... गरोदर आहे ती, अमिसा, ती धरून तिघी पोरी," अराबा बोटांवर मोजत म्हणाली. "आणि धाकटी आई. चार."

मान्साने चार लिहिलं. मळण्याचा थप-थप आवाज एक थाप चुकला. नंतर पुन्हा सुरू झाला. अराबाने ती चुकलेली थाप ऐकली, आणि ऐकली नाही असं ठरवलं.

मग आला मालकीचा रकाना, ज्याच्यासाठी फीफी ताकोराडीहून इस्त्रीचा शर्ट वेगळा बांधून आणून आज कापडाखाली घातला होता.

"नुसती नावाची नोंदणी करून भागायचं नाही," तो खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "ती एका माणसाची असते. माणूस गेला की नाव गेलं. कंपनी करायची. कंपनीला मरण नाही. दोन संचालक लागतात, एक सचिव लागतो आणि भागधारक. चार सारखे भाग करू."

"चार?" अजोवाने भुवया उचलल्या. "आपण तिघं आहोत दादा."

"सांगतो ना."

"सारखे म्हणजे मलाही तेवढाच?" अजोवाचा सूर जरा मऊ झाला. तेमाला तिचं केसांचं दुकान होतं आणि गेली तीस वर्षं तिने पिठाला हात लावला नव्हता. "मला तर बाई पटतं हे. आईला तिघं सारखीच होती."

"तुला पटणारच," अराबा म्हणाली. "पहाटे तीनला उठायचा भागसुद्धा सारखा वाटून घेणार आहेस का?"

"ताई, तू असं बोलतेस ना, की वाटतं आईने एकट्या तुलाच जन्म दिला आणि आम्हाला बाजारातून आणलं."

"तुला बाजारातून आणलं असतं तर आईने घासाघीस केली असती."

"पोरींनो!" फीफीने हात वर केले. "चौथा भाग जोजोचा."

जोजो फीफीचा मुलगा. तेमाच्या बंदरात अभियंता, हुशार, नम्र, आजीच्या अंत्यविधीला तीन दिवस मंडपाच्या खांबाशी उभा राहिलेला. पण जोजो त्याच्या आईच्या घरचा होता. मूल आईच्या कुळाचं असतं. फीफी या घरचा, कारण तो पान्यिनचा. फीफीची मुलं त्याच्या बायकोच्या घरची. हे कुणी कुणाला सांगत नसे, जसं समुद्र कुठे आहे हे सॉल्टपाँडमध्ये कुणी सांगत नाही.

"दादा," अजोवा सावकाश म्हणाली, "जोजो गुणी आहे. पण आपल्या घरचा नाही तो."

"माझा मुलगा आहे!"

"तुझा आहे. आपला नाही. उद्या वहिनीकडचे मामा-मावश्या येतील आणि म्हणतील, भट्टीचा पाव भाग आमचा. मग?"

"आत्ता तर म्हणालीस पटतंय."

"तिघांत पटलं होतं." आणि अजोवाने आपली खुर्ची उचलून, अगदी खरोखर उचलून, अराबाच्या शेजारी आणून ठेवली. "ताई, बोल की काहीतरी."

अराबाने दोघांकडे पाहिलं. जोजोच्या बाजूने बोलावं तर घरचा नियम मोडतो. विरुद्ध बोलावं तर समोर भाऊ बसलाय, ज्याच्या डोळ्यांत पाणी आलंय आणि तो ते घाम असल्यासारखा पुसतोय. तिला फक्त भट्टी पेटती हवी होती. आईच्या नावाचा पाव शाळेच्या पोरींनी चहात बुडवायला हवा होता. मालक कोण ते देवाने ठरवावं आणि शुक्रवारच्या आत ठरवावं.

"नाव उपलब्ध आहे का ते आधी बघू," ती म्हणाली. "मान्सा, बघ ग."

मान्साने 'एकुआ पान्यिन ब्रेड' असं टाकलं. वर्तुळ फिरलं. भट्टीच्या तोंडातून नारळाच्या सोडणांचा धूर येत होता आणि सगळ्यांच्या माना त्या वर्तुळावर वाकल्या होत्या.

"घेतलंय," मान्सा म्हणाली. "हे नाव कुणीतरी आधीच नोंदवलंय. आणि चालू आहे ते. मुदत संपलेली नाही."

"मँकेसिमची ती पाववाली!" अजोवा उठूनच उभी राहिली. "मी आईला कितीदा सांगितलं! आपल्या पावात जायफळ आहे हे कळल्यावर आठ दिवसांत तिच्या पावात जायफळ! आता नावही चोरलं!"

"कोर्टात खेचतो," फीफी म्हणाला. एका क्षणात भाऊ-बहीण पुन्हा एका बाजूला आले. "मेलेल्या बाईचं नाव! आमच्या आईचं! लाज नाही?"

"मँकेसिमवालीने नाही घेतलं," धाकटी आई म्हणाली. "मी घेतलंय."

तिने पिठावर ओलं फडकं टाकलं, हात कोपरापासून खाली निथळवले आणि आत गेली. आतून गादी उचलल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात प्लास्टिकची एक फाइल होती, शाळकरी पोरं वापरतात तशी, निळी, चेन लावलेली. ती तिने मान्साच्या मांडीवर ठेवली.

पहिला कागद पिवळा, घडीवर फाटलेला आणि फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावलेला. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. धंद्याचं नाव: एकुआ पान्यिन ब्रेड. मालक: एकुआ काकराबा. त्याच्यामागे वर्षावर्षाच्या नूतनीकरणाच्या चिठ्ठ्या, अलीकडच्या संगणकावर छापलेल्या, जुन्या हाताने लिहिलेल्या. एकही वर्ष सुटलेलं नाही.

"पण आजी, यासाठी दरवर्षी अक्राला जावं लागायचं," मान्सा म्हणाली.

"जात होते की."

अराबाला एकदम सफरचंदं आठवली. दर जानेवारीत धाकटी आई चर्चच्या महिला मंडळाच्या सभेला म्हणून अक्राला जायची आणि येताना तीन सफरचंदं आणायची, लाल, एकेक कागदात गुंडाळलेलं. वर्षातून एकदाच मिळायचं ते फळ. फीफी त्याचं बीसुद्धा चावून खायचा, अजोवा उशाशी घेऊन झोपायची. अराबा तो कागद जपून ठेवायची, महिनाभर वास राहायचा त्याला.

"सभा नव्हती?" तिने विचारलं.

"एकदोनदा होती," धाकटी आई म्हणाली. "बसू दे मला."

अजोवाने आपली खुर्ची दिली. पुढचं धाकटी आईने एका सुरात सांगितलं, पीठ मळताना बोलावं तसं, मध्येमध्ये थांबून.

त्या काळी मैद्याची टंचाई. नोंदलेल्या भट्टीलाच मैद्याची चिठ्ठी मिळायची. क्वामेना म्हणाला, माझ्या नावावर नोंदवा. मी बांधलीय, मी नवरा आहे, चार लोकांत बरं दिसतं. पान्यिन हो म्हणाली. मग त्याच दुपारी तिने धाकटीला विहिरीपाशी गाठलं आणि म्हणाली, त्याच्या नावावर गेली तर तो डोळे मिटेल त्या दिवशी भट्टी त्याच्या भाच्याची होईल, आणि माझ्या नावावर केली तर तो रुसेल, आणि रुसला की चार-चार दिवस जेवत नाही. तू जा. तुझं नाव दे. तुला कुणी विचारणार नाही.

"आणि गेले मी. तिथला साहेब म्हणाला, मालकीण तू, मग पावाचं नाव पान्यिन का? म्हटलं, ती थोरली आहे, नाव तिचंच असतं."

"आणि बाबा?" फीफीने विचारलं.

"त्याला सांगितलं, तुझं नाव आहे, कागद कचेरीतच ठेवून घेतात."

"बाबा स्टँडवर सांगायचे," फीफी म्हणाला. "ड्रायव्हर लोकांना. मी असायचो बरोबर. म्हणायचे, 'अक्रात माझ्या नावाने भट्टीची नोंद आहे.' छाती काढून सांगायचे ग."

"माहीत आहे मला. मी ऐकायचे."

"फसवलंत तुम्ही त्यांना."

"हो," धाकटी आई म्हणाली. "रोज. सहा वर्षं."

तिने त्यावर काही पांघरूण घातलं नाही. फीफीला भांडायला दुसरं टोकच मिळेना.

चौऱ्याऐंशीत क्वामेना गेला, सोळा दिवसांच्या तापाने. त्याच्या माणसांनी चाळिसाव्या दिवशी सगळं नेलं, हे भावंडांना आठवत होतं: सायकल, ओळंबा आणि थाप्या, रेडिओ, आईने स्वतः घेतलेलं शिवणयंत्र, स्वयंपाकघरावरचे पत्रेसुद्धा. बायकामुलांच्या हक्काचा कायदा यायला अजून वर्ष होतं. अराबा सोळा वर्षांची होती, तिला शेजारी पाठवलं होतं. परत आली तेव्हा स्वयंपाकघरात ऊन पडलेलं होतं आणि भट्टी मात्र जागच्या जागी होती. का, हे तिने विचारलं नव्हतं. भट्टी कुठे उचलून नेणार, असं धरून चालली होती.

"भाच्याने भट्टीच्या दारावर हात ठेवला होता," धाकटी आई म्हणाली. "मी हा कागद दाखवला. त्याने तीनदा वाचला. वाईट नव्हता पोरगा. त्याच्या मामाकडच्यांनी पाठवलं म्हणून आला होता. जाताना म्हणाला, चार पाव देशील का? दिले."

"आईने आम्हाला कधी सांगितलं नाही," अजोवा म्हणाली.

"तुमच्या मनातून बाप उतरला असता, नाहीतर आई उतरली असती. एकाला तरी उतरावं लागलं असतं." तिने ओल्या बोटांनी कपाळ पुसलं, पिठाचा पट्टा उमटला. "मान्सा, तिथे चार लिहिलंयस ते तीन कर."

"कुठे, आजी?"

"कामगार."

अराबाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. मान्साने खालमानेने चाराचे तीन केले. अजोवाने उगीचच खांद्यावरचं कापड झटकलं. फीफीला बहुधा हायसं वाटलं, की आज लाजायला तो एकटा नाही.

"धाकटी आई," अराबा म्हणाली. काय म्हणायचं? मी तुला मोजलं ते बरोबर होतं, रकाना चुकला? चाळीस वर्षं दोघी शेजारी उभ्या राहून गोळे वळत आल्या. अराबा वजन करायची, काकराबाला वजनाची गरज पडायची नाही. तिच्या हाताला गोळा कळायचा. "मी... तोंडातून निघून गेलं ग."

"तोंडात होतं म्हणून निघालं," धाकटी आई म्हणाली. पण रागाने नाही. "तुझ्या आईच्याही होतं. गिऱ्हाइकाला सांगायची, 'ही माझी मदतनीस.' मग आत येऊन माझ्या पायाला तेल चोळायची. दोन्ही खरंच होतं."

मग फीफीनेच, कारकुनी आवाजात, कारण दुसरा कुठला आवाज त्याच्याकडे उरला नव्हता, म्हटलं:

"म्हणजे भट्टी तुझी. मग कंपनी नाही, काही नाही. तू म्हणशील तसं."

शुक्रवार अराबाच्या डोळ्यांसमोर पुन्हा उभा राहिला. म्हातारीने नाही म्हटलं तर? 'मी आहे तोवर माझं आहे तसं राहू दे,' एवढंच म्हटलं तर? म्हणायचा हक्क तिचा होता. आणि ब्याऐंशी वर्षांच्या बाईच्या नावावरची भट्टीकडे कंत्राटदाराने वळूनही पाहिलं नसतं.

"कंपनी कर," धाकटी आई म्हणाली. "मरत नाही म्हणतोस ना ती? मग कर. संचालक दोन लागतात? मी आणि अराबा. सचिव तू हो, तुला कागद आवडतात."

फीफी सावरून बसला. तळव्याने शर्टाची इस्त्री सारखी केली.

"भाग पाच कर. तुम्ही तिघं, मी, आणि जोजो."

"धाकटी आई!" अजोवा ओरडली. "आत्ता तूच सांगितलंस ना, भाच्याने दारावर हात ठेवला होता! तेच परत ओढवून घ्यायचं?"

"आम्ही भिऊन लपवलं. भीती खोटी नव्हती, त्याच्याकडचे आलेच. पण ज्याच्यापासून लपवलं त्याने दोनदा घुमट पडल्यावर तिसऱ्यांदा बांधला होता. त्याच्या वाट्याला काय आलं? एक खोटं." ती फीफीकडे वळली. "तुला तो भाग मिळत नाहीये. तुला तुझा आहे. हा क्वामेनाचा आहे. तो घ्यायला नाही, म्हणून नातवाला."

"आणि वहिनीकडचे आले तर?"

"तेव्हा मी नसेन. तू असशील. मी तर कागद नुसता पुढे केला होता. तू तशीही मोठ्याने बोलतेस."

अजोवा म्हणाली, "बोलते खरी." फीफी उठला आणि भट्टीच्या मागे जाऊन उभा राहिला. तो तिथे काय करतोय हे बघायला कुणी गेलं नाही. तो परत आला तेव्हा घुमटाची राख त्याच्या पांढऱ्या बाहीला लागली होती.

जुनं नाव आधी मोकळं करावं लागणार होतं. ते मालकिणीने सोडल्याशिवाय कंपनीला मिळणार नव्हतं. मान्सा म्हणाली, इथूनच होईल, आजी, दोन बटणं. धाकटी आई म्हणाली, पंचेचाळीस वर्षं मी जाऊन सांगितलंय की चालू आहे. आता बंद करायचं तर तेही जाऊन सांगेन. बटणाला काय कळतं?

मंगळवारी अराबा तिला घेऊन अक्राला निघाली. अराबा खिडकीशी, धाकटी आई मध्ये, फाइल मांडीवर. वाटेत विन्नेबाच्या फाट्यावर गाडी थांबली तेव्हा बायका पेट्या घेऊन धावत आल्या, पावांचीच नावं ओरडत, पण परकी. धाकटी आईने एक पाव विकत घेतला, दाबून पाहिला, वास घेतला. "आंबवण्याची घाई केलीय," ती म्हणाली आणि तरीही सगळा खाल्ला.

कचेरीत रांग होती. खिडकीमागच्या चष्मेवाल्या गृहस्थांना निवृत्तीला एखाद-दोन वर्षं उरली असावीत. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि हसले.

"मम्मा! यंदा ऑगस्टातच? अजून पाच महिने आहेत की तुम्हाला."

अराबा बघतच राहिली. या बाईला ओळखणारी, तिची वाट पाहणारी एक खिडकी अक्रात होती, आणि घरात ते कुणालाच माहीत नव्हतं.

"हे बंद करायला आलेय," धाकटी आईने फाइल सरकवली. "ही माझी लेक. आता हिच्या कंपनीत जाणार नाव."

त्यांनी अर्ज काढला. नाव, क्रमांक, तारीख त्यांनी स्वतःच भरली. क्रमांक त्यांना पाठ होता. मग पेन थांबलं.

"बंद करण्याचं कारण लिहावं लागतं मम्मा. इथे छापलेलीच आहेत. मालक वारला, धंदा बुडाला, किंवा धंदा वाढून कंपनी झाली. तिसरंच ना? खूण करतो."

"थांब," धाकटी आई म्हणाली. "ती तिन्ही नाहीत."

मागच्या माणसाने घसा खाकरला. अराबाने तिच्या पाठीवर हात ठेवला. पातळ कापडाखाली खांद्याचं हाड लागलं. धाकटी आई थोडी पुढे झुकली आणि काचेच्या भोकाशी तोंड नेऊन, हळू पण स्पष्ट म्हणाली:

"लिही, की ज्याच्यापासून लपवायचं होतं तो गेला. जिच्यासाठी लपवत होते तीही गेली. आता सांभाळायला हे जड होतंय."

चष्मेवाल्यांनी अराबाकडे पाहिलं. अराबा म्हणाली, "लिहा."

खाली 'इतर' म्हणून एक बोटभर ओळ होती. त्यांनी चष्मा सारखा केला आणि जपून, बारीक अक्षरात लिहायला सुरुवात केली. जागा पुरली नाही, तेव्हा कागद आडवा करून शेवटचे शब्द त्यांनी समासात लिहिले, आणि मगच शिक्का उचलला.